तीन खिडक्यांचे घर

मुंबईत ज्यांचे आयुष्य पागडीच्या खोलीत गेले आहे, त्यांना सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे काय हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही. घसघशीत रक्कम मोजून खोलीत शिरायचे, पण खोली आपली नव्हे. भिंत पाडायची तर मालकाची परवानगी हवी, खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालकाचा वाटा आला, आणि छप्पर गळू लागले की दुरुस्ती कोणी करायची यावरून वर्षानुवर्षे पत्रापत्री. घरोघरच्या संगणकांवर बसलेली ‘विंडोज’ ही अशीच पागडीची खोली आहे. पागडीवाल्या भाडेकरूच्या पाठीशी निदान भाडे नियंत्रण कायदा उभा असतो. इथे करारनामा मालकच लिहितो, आणि भाडेकरू तो न वाचता ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवून मोकळा होतो.

हा विषय घरोघरी निघाला तो १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेमुळे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षे सुखाने नांदली होती. २०१६-१७ साली घेतलेला एखादा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. बॅटरी एकदा बदललेली, कळपाटावरची दोन-तीन अक्षरे पुसट झालेली, पण मुलांचे प्रकल्प, बाबांचे आयकर विवरणपत्र, आजीचे परदेशातल्या नातवाशी बोलणे असे सगळे त्यावर बिनतक्रार चालू. हा लॅपटॉप विंडोज ११ वर जाऊ शकत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. सातव्या पिढीचे मशीन, अगदी मोजके अपवाद सोडले तर, दाराबाहेर.

‘चालतोय की चांगला, मग बदलायचा कशाला?’ हा प्रश्न अशा वेळी घरात कुणीतरी विचारतेच, आणि प्रश्न रास्तच आहे. पण त्याचे उत्तर शोधायला वीसएक वर्षे मागे जावे लागते. घरगुती गिऱ्हाइकाला स्वस्तात काय द्यायचे आणि काय हातचे राखून ठेवायचे, हे गणित तेव्हा फारच उघडपणे मांडले गेले होते.

थायलंडहून आलेली कल्पना

२००३ साली थायलंडच्या सरकारने सामान्य लोकांसाठी स्वस्त संगणकाची योजना काढली. किंमत कमी ठेवता यावी म्हणून त्या संगणकांवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घातली होती. लोकांच्या उड्या पडल्या. लाखो घरांत पहिला संगणक लिनक्सचा शिरणार, आणि त्या घरातली मुले लिनक्सच शिकणार, हे दिसताच मायक्रोसॉफ्टने आपला भाव खाली आणला. थायलंडपुरती विंडोज आणि ऑफिस मिळून चाळीस डॉलरच्या आत द्यायची तयारी कंपनीने दाखवली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या दुकानात नुसत्या ‘विंडोज एक्सपी होम’ची पूर्ण पेटी १९९ डॉलरला मिळत होती.

व्यापाराच्या दृष्टीने यात एक अडचण होती. तीच वस्तू एका देशात पाचपट स्वस्त विकली, तर बाकीच्यांनी पूर्ण दाम का मोजावा? या अडचणीवरचा तोडगा ऑगस्ट २००४ मध्ये जाहीर झाला. त्याचे नाव ‘विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन’. आधी थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया, पाठोपाठ रशिया आणि भारत. भारतासाठीची आवृत्ती हिंदीत होती आणि ती २००५ साली बाजारात आली.

ही आवृत्ती होती तरी कशी? एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येत, आणि प्रत्येक प्रोग्रामच्या तीनच खिडक्या. चौथा उघडायला गेले की आधी एखादा बंद करा, अशी नम्र सूचना पडद्यावर येई. गाणी लावून ठेवली, पत्र लिहायला घेतले, इंटरनेट सुरू केले. आता पत्रातला एक आकडा तपासायला गणकयंत्र उघडायचे तर गाणी बंद करा! पडद्यावरचे चित्र ८०० बाय ६०० ठिपक्यांच्या पुढे जात नसे. घरातले दोन संगणक एकमेकांना जोडून फायली किंवा प्रिंटर वाटून घेता येत नसे. बदल्यात त्या त्या देशातल्या निसर्गाची चित्रे पडद्यामागे लावायला दिली होती आणि मदतीची पाने स्थानिक भाषेत होती. ही प्रत सुटी विकत मिळत नसे. नव्या, साध्या संगणकाबरोबरच ती येई.

या सगळ्यात मला सर्वात खटकणारी अट निराळीच आहे. एका संगणकावर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे खाते उघडायची सोय स्टार्टरमध्ये काढून टाकली होती. आता २००५ सालचे आपल्याकडचे चित्र आठवा. संगणक घरात एकच, तो दिवाणखान्यात, त्यावर कापडी आच्छादन, आणि बसायच्या वेळा ठरलेल्या. सकाळी बाबांचे काम, दुपारी ताईचे कॉलेजचे, रात्री धाकट्याचा खेळ. सिंगापूर किंवा शिकागोत माणशी एक संगणक असेल तर वेगळी खाती नसली तरी चालते. वेगळ्या खात्यांची खरी गरज असते ती जिथे एका संगणकाभोवती पाच माणसे असतात तिथे. नेमक्या त्याच घरासाठी बनवलेल्या आवृत्तीतून ती सोय वगळलेली. ज्याने ही यादी केली त्याला तसे घर माहीत नसावे, किंवा माहीत असून त्याने ते मोजले नसावे.

आणि आपल्याकडे या स्टार्टरची गाठ लिनक्सशी कमी आणि लॅमिंग्टन रोडशी जास्त होती. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, जुळवून घेतलेल्या संगणकाबरोबर विंडोज ‘टाकून’ मिळत असे. ती विकत घ्यायची वस्तू आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हते. संगणक अडला की ओळखीतला एखादा मुलगा सीडीची थप्पी घेऊन येई, ‘फॉरमॅट मारून’ नवी विंडोज घाली आणि चहा पिऊन जाई. ती विंडोज पुष्कळदा सर्वात महागडी, कचेऱ्यांसाठीची असे! फुकटात ताजमहाल हॉटेलातले जेवण मिळत असताना पैसे देऊन राइस प्लेट कोण घेणार?

पण याला केवळ चोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ऑगस्ट २००५ मध्ये एचसीएल या भारतीय कंपनीने लिनक्स घातलेला संगणक ९,९९० रुपयांना बाजारात आणला होता. एक्सपी होमच्या त्या १९९ डॉलरच्या पेटीचे तेव्हाच्या दराने पावणेनऊ हजार रुपये होतात. म्हणजे अख्खा संगणक एका पारड्यात आणि एक तबकडी दुसऱ्या पारड्यात घातली तर काटा जवळजवळ मधोमध. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना विंडोज याहून खूपच कमी भावात मिळत असे हे खरे. पण गल्लीतल्या दुकानातून सुटे भाग जुळवून घेणाऱ्यापर्यंत तो भाव क्वचितच पोहोचत असे.

तिसऱ्या वर्गाचा डबा

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्टार्टर ही काही कमी मेहनतीची, म्हणून स्वस्त पडलेली प्रणाली नव्हती. ती पूर्ण एक्सपीच होती, वरून कुलपे घातलेली. तीनच्या पुढे खिडकी उघडू न देणारी आज्ञावली कुणीतरी बसून लिहिली, तिची चाचणी घेतली. वस्तू कमी करण्यासाठी जास्तीचे श्रम केले गेले.

हा प्रकार संगणकाच्या धंद्यात नवा नाही. १९९० साली आयबीएमने एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. महाग प्रिंटर मिनिटाला दहा पाने छापी, हा पाच. यंत्र जवळजवळ तेच. स्वस्त प्रिंटरला मधेच थांबायला लावणारी सूचना तेवढी त्यात घातली होती. १९९१ साली इंटेलने ४८६ एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला. मूळ ४८६ मधला गणिताचा भाग निकामी केला की झाला एसएक्स! पुढे गणिताची सोय हवी म्हणून वेगळी चिप विकत घेतली, तर ती चिप म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण ४८६ च असे. ती बसवली की जुना प्रोसेसर नुसता शोभेला उरे.

या व्यवहाराची मुळे त्याहूनही जुनी आहेत. झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिताना हे नेमके पकडले होते. डब्यावर छप्पर घालायला रेल्वेला असा किती खर्च येतो? फारसा नाही. पण छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडणारा माणूसही तिसऱ्यात बसेल. तेव्हा गरिबाला भिजवायचे ते गरिबावर राग आहे म्हणून नव्हे. सधन माणसाला भीती वाटावी म्हणून. आपल्या रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली गेला. त्यातून प्रवास केलेल्या पिढीला द्युप्वीचे म्हणणे पटायला अर्थशास्त्राची पदवी लागणार नाही.

अर्थशास्त्रज्ञ याची दुसरी बाजूही मांडतात आणि ती खोटी नाही. एकच आवृत्ती ठेवली तर एकच भाव राहील, तो चढा राहील, आणि कमी पैशावाल्याला वस्तू मिळणारच नाही. भिजत का होईना, तो मुक्कामी पोहोचतो. मला हे मान्य आहे. प्रश्न एवढाच, की कपात कशात करायची? विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती २००९ साली आली. तिच्यातही तीन प्रोग्रामची अट राहणार होती. ओरड झाल्यावर, विक्री सुरू होण्याआधीच, ती काढली गेली. मग राहिलेल्या कपातींपैकी एक होती पडद्यामागचे चित्र बदलू न देण्याची. ही कपात पोरकट खरी, पण तिने कुणाचे काही अडत नाही. अशा कपाती खुशाल करा. अडणारी गोष्ट निराळी.

एक मात्र इतिहासातून दिसते. घरगुती गिऱ्हाइकासाठी विंडोज स्वस्त झाली ती दरवेळी शेजारी दुसरे दुकान उघडले तेव्हाच. २००७ च्या अखेरीस आसुसने ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप लिनक्स घालून आणला आणि तो भराभर खपला. मायक्रोसॉफ्ट ३० जून २००८ पासून एक्सपीची विक्री आवरती घेणार होती. पण या चिमुकल्या लॅपटॉपांसाठी एक्सपी होम जिवंत ठेवण्यात आली. २०१४ पर्यंत अँड्रॉइडच्या स्वस्त टॅब्लेटनी बाजार भरला, तेव्हा नऊ इंचांपेक्षा लहान पडद्याच्या उपकरणांसाठी कंपनीने विंडोज चक्क फुकट केली.

कागदावरचे कुलूप

कुलपे दोन प्रकारची असतात. एक यंत्रात घातलेले, ते दिसते. दुसरे करारनाम्यात लिहिलेले, ते दिसत नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. तिच्या ‘होम बेसिक’ आणि ‘होम प्रीमियम’ या घरगुती आवृत्त्यांच्या परवान्यात एक वाक्य होते: ही प्रत संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर वापरू नये. अॅपलच्या मॅकवर विंडोज चालवू पाहणाऱ्यांना हीच वाट सोयीची होती. होम बेसिक तिथे व्यवस्थित चालत असे. मनाई होती ती फक्त कागदावर. ज्याला परवानगी हवी त्याने महागडी ‘बिझनेस’ किंवा ‘अल्टिमेट’ घ्यावी. वर्षभराने, जानेवारी २००८ मध्ये, हे वाक्य काढले गेले. यंत्र आधीही तेच होते आणि नंतरही तेच.

आपल्या घराच्या अधिक जवळचे उदाहरण ‘ऑफिस होम अँड स्टुडंट’चे आहे. नाव ऐकून वाटते, घरात वापरायला मोकळी. २००७ च्या आवृत्तीत ती घरातल्या तीन संगणकांवर घालता येत असे, हे चांगलेच होते. पण परवान्यातली अट सांगते, उत्पन्नाच्या कामासाठी वापर नको. एखाद्या काकू घरी शिकवण्या घेतात आणि फीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. एखाद्या ताई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात आणि यादी संगणकावर करतात. कराराच्या अक्षरानुसार दोघीही नियम मोडतात. त्यांना कुणी पकडायला येणार नाही हे खरे, पण आपल्याकडे ‘घर’ आणि ‘धंदा’ यांच्यामध्ये अशी भिंत असते कुठे? चकल्यांचा घाणा आणि मुलाचा अभ्यास एकाच ओट्याच्या दोन टोकांना चाललेला असतो.

२०१३ च्या ऑफिसने तर कहर केला. एक प्रत एकाच संगणकावर, आणि तो संगणक बिघडला तर प्रतही त्याच्याबरोबर गेली. नव्या संगणकावर नेता येणार नाही, असे परवान्यात होते. लोक संतापले. महिन्याभरात, मार्च २०१३ मध्ये, कंपनीने अट बदलली. गिऱ्हाइकांनी करारनामा वाचला की काय होते, याचे हे एक बरे उदाहरण.

संगणकाबरोबर आलेल्या विंडोजला मात्र हा नियम अजूनही लागू आहे. कारखान्यातून घालून आलेली प्रत त्या मशीनशी बांधलेली असते; मशीन भंगारात गेले की तीही गेली. पेटीतून स्वतंत्रपणे घेतलेली प्रत, जुन्या मशीनवरून काढून, नव्या मशीनवर नेता येते. भावातला फरक बराचसा याचाच असतो आणि दुकानदार तो सहसा सांगत नाही.

आपला कायदाही थोडा पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि संगणक-आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा ठरला. शिक्षा किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. याच कायद्याने रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, मूळ प्रत खराब झाली तर असावी म्हणून, एक राखीव प्रत काढून ठेवायची मुभा घेणाऱ्याला दिली आहे. ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. आणि गंमत अशी, की २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या एका खटल्यात तयार, पेटीबंद सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे असे ठरवले. म्हणजे कर द्यायच्या वेळी ती वस्तू, आणि वापरायच्या वेळी नुसता परवाना!

‘एकच भाषा’

आता अडणाऱ्या गोष्टीकडे येतो. देवनागरी विंडोजमध्ये नीट आली ती विंडोज २००० पासून, आणि तिच्यासाठी ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशींचे हे काम इतके रोजच्या वापरातले झाले की त्यामागे एका मराठी माणसाचा हात आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते. एक्सपीमध्ये मराठी लिहायचे तर मूळ सीडी घालून भाषेच्या जादा फायली चढवाव्या लागत. ज्याच्याकडे ‘टाकून दिलेली’ विंडोज होती त्याच्याकडे सीडी कुठून असणार? घरच्या संगणकावर मराठी उमटत नाही, चौकोनच दिसतात, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असे. पुढे विंडोजची बटणे, सूचना, यादी हे सगळे मराठीत दाखवणारे जोड-संच मोफत मिळू लागले. विंडोज ७ मध्ये ते अगदी साध्या आवृत्तीवरही चढत.

त्यानंतर ‘होम सिंगल लँग्वेज’ नावाची आवृत्ती आली. भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर हीच असते. हिच्यावर मराठी टंकलेखन करता येते, मराठी वाचता येते, त्यात काही अडत नाही. पण पडद्याची भाषा एकच. दुसरी भाषा जोडायला गेले की तुमच्या परवान्यात पडद्यासाठी एकच भाषा बसते, अशी सूचना येते. साधी ‘होम’ असेल तर ही आडकाठी नाही.

कॅलिफोर्नियातल्या माणसाला एक भाषा पुरते. ज्या देशात नाशिकची सून बेळगावची असते, शाळा इंग्रजी आणि आजोबा मराठी असतात, तिथल्या स्वस्त मशीनसाठी ‘एकच भाषा’ ही कपात निवडावी, याला काय म्हणावे? दुसरी भाषा दाखवायला कंपनीला जादा खर्च नाही; भाषांतर झालेले आहे, फायली तयार आहेत. हे डब्यावरचे छप्परच आहे. सातवीनंतर शाळा सुटलेली आजी मोबाइल मराठीत सराईतपणे चालवते, कारण स्वस्तातल्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर भाषा हवी तितक्यांदा बदलता येते. तीच आजी लॅपटॉपसमोर बसली की नातवाला हाक मारते.

मुदत संपल्यावर

सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली म्हणजे नेमके काय झाले? संगणक बंद पडत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये भोके सापडत राहतात, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ती बुजवणारा जो हप्ता येत असे तो थांबतो. चोराला मात्र भोक सापडलेले असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा ब्रिटनची रुग्णालयेही अडली. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. त्याच भोकाचा वापर करणारा दुसरा हल्ला जूनमध्ये आला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

घरगुती आवृत्त्यांना या बाबतीत एके काळी सरळ अर्धे आयुष्य होते. कचेऱ्यांच्या विंडोजला दहा वर्षे दुरुस्ती, घरच्या विंडोजला पाच. एक्सपी होमला ‘प्रोफेशनल’च्या बरोबरीने एप्रिल २०१४ पर्यंतची मुदत मिळाली ती जानेवारी २००७ मधल्या घोषणेने. विंडोज ७ ची मुदत जानेवारी २०२० मध्ये संपली तेव्हा कंपन्यांना पैसे भरून आणखी तीन वर्षे दुरुस्ती घेता आली. घरच्यांना ती सोयच नव्हती. विंडोज १० च्या वेळी प्रथमच घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढ देऊ केली गेली. तीस डॉलर भरा, नाहीतर आपल्या मांडणीची नोंद मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायला संमती द्या म्हणजे फुकट. युरोपात ग्राहक संघटनेने हरकत घेतली आणि तिथल्या लोकांना ही दुसरी अट माफ झाली. आपल्याकडे ग्राहक चळवळीची परंपरा लहान नाही. साखर-तेलाच्या वजनाइतकेच या मापाकडेही तिने पाहायला हरकत नसावी.

जुने मशीन टिकवायचा दुसरा मार्ग म्हणजे तीच लिनक्स, जिच्या धाकाने स्टार्टर जन्माला आली. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग केव्हाच धरला आणि त्यांच्यासाठी बनवलेली लिनक्स प्रणाली तिथली मुले वर्षानुवर्षे वापरत आहेत. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले, ही मोठीच गोष्ट. पण ते शिकले विंडोज आणि ऑफिसवर, त्यामुळे दुसरे काही दिसले की परके वाटते. घरच्या कामाला, म्हणजे पत्र, हिशेब, इंटरनेट, चित्रपट एवढ्याला, लिनक्स आणि तिच्यावरचे लिबरऑफिस पुरून उरते. लिबरऑफिस मराठीतही मिळते. शाळेचे किंवा धंद्याचे एखादे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारे असेल तर मात्र हा मार्ग बंद, आणि प्रिंटर चालतो का हे आधी पाहावे.

नवा लॅपटॉप घ्यायचाच झाला तर दुकानात रंग आणि वजन पाहून झाल्यावर ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडायला सांगा. तिथे आवृत्तीचे नाव लिहिलेले असते. ‘सिंगल लँग्वेज’ असेल तर घरात कोण कोण बसणार आहे ते आठवा. ‘एस मोड’ असा शब्द दिसला तर त्यावर मायक्रोसॉफ्टच्या दुकानाबाहेरचे काहीही चढणार नाही. तो मोड फुकट काढता येतो, पण एकदा काढला की परत आणता येत नाही. साठवणीची जागा ६४ जीबीच असेल तर ती विंडोज ११ ची किमान गरज आहे, पुरेशी नव्हे. आणि घरी आल्यावर डिस्क कुलूपबंद होते का ते पाहून तिची परतीची किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा, रेशनकार्डाशेजारी. ती आकड्यांची ओळ हरवली तर घरचे सगळे फोटो आत आणि आपण बाहेर.